खिशातला चाकू : छंद, कारागिरी आणि कायदा

चाकू नाही असं घर शोधूनही सापडणार नाही. विळी मागे पडली तरी तिच्या जागी दोन-चार सुऱ्या आल्याच. बाळंतिणीच्या उशाशी सुरी किंवा अडकित्ता ठेवायची पद्धत आजही कित्येक घरांत पाळली जाते आणि बोहल्याकडे निघालेल्या नवरदेवाच्या हातातल्या कट्यारीला लिंबू टोचलेलं असतं. म्हणजे पात्याशी आपलं वैर मुळीच नाही. पण हाच चाकू घडी घालून कुणी खिशात ठेवला की बघणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. ‘हा कशाला हवा बरोबर?’ असं आई विचारते, रेल्वेतला शेजारी विचारतो आणि प्रसंगी पोलीसही विचारतो.

प्रश्न साधा आहे, पण खिशातल्या चाकूचं सगळं भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. चाकू जमवणं आणि जवळ बाळगणं हा जगभरातला जुना छंद. हल्ली घरबसल्या हवा तो चाकू मागवता येतो, त्यामुळे आपल्याकडच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांनाही त्याची गोडी लागते आहे. हा छंद वाईट आहे का? अजिबात नाही. मात्र काय जमवावं, काय खिशात घालावं आणि काय कपाटातच ठेवावं, यातला फरक ज्याला कळत नाही त्याला हाच छंद महागात पडू शकतो.

शेतकऱ्याचा आणि शिपायाचा

खिशातल्या चाकूचा जन्म मारामारीसाठी झालेला नाही. फ्रान्समध्ये आल्प्स पर्वताच्या कुशीत साव्हॉय नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथे जोसेफ ओपिनेल याचे वडील कुऱ्हाडी, कोयते अशी शेतीची अवजारं बनवत. जोसेफने १८९० मध्ये, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी, एक साधासुधा चाकू तयार केला. लाकडाची मूठ, तिला एक खाच आणि खाचेत दुमडणारं पातं. भाकरीचा तुकडा तोडायला, द्राक्षवेलीची फांदी छाटायला, चीज कापायला शेतकऱ्यांना तो फार सोयीचा वाटला. १८९७ मध्ये त्याने या चाकूचे १ ते १२ क्रमांकांचे आकार ठरवले. त्यातले १ आणि ११ पुढे बंद झाले. बाकीचे आजही विकले जातात आणि मूठ बहुधा बीच झाडाच्या लाकडाचीच असते. १९५५ मध्ये मुठीच्या तोंडाशी एक फिरतं धातूचं कडं बसवलं गेलं. ते फिरवलं की उघडलेलं पातं पक्कं होतं. एवढा एक बदल सोडला तर हा चाकू सव्वाशेहून अधिक वर्षं तसाच आहे.

स्विस चाकूची गोष्टही याच काळातली. कार्ल एल्सनर या कारागिराने १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख या गावी कारखाना काढला. त्यानंतर काही वर्षांनी स्विस लष्कराने शिपायांना एक चाकू द्यायचं ठरवलं. शिपायाला बंदूक खोलण्यासाठी स्क्रू ड्रायव्हर आणि अन्नाचा डबा फोडण्यासाठी हत्यार हवं होतं. या दोन्हींबरोबर पातं आणि आरी असा तो चाकू होता. पण एवढे चाकू बनवण्याची ताकद स्वित्झर्लंडमध्ये कुणाकडेच नव्हती, म्हणून पहिलं काम जर्मनीतल्या झोलिंगन शहराला मिळालं. एल्सनरला हे रुचलं नाही. त्याने देशातल्या कारागिरांची संघटना बांधली आणि १८९१ मध्ये लष्कराला स्वदेशी चाकू पुरवायला सुरुवात केली. जर्मन चाकू स्वस्त पडत होते, त्यामुळे एल्सनर कर्जात बुडाला, पण मागे हटला नाही. १२ जून १८९७ रोजी त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका, बूच काढायचा स्क्रू असलेला नवा चाकू नोंदवला. आज जगभर ओळखला जातो तो हाच.

आईच्या निधनानंतर १९०९ मध्ये एल्सनरने तिचं ‘व्हिक्टोरिया’ हे नाव मालाला दिलं. १९२१ पासून न गंजणारं पोलाद वापरात आलं. त्याच्या फ्रेंच नावातला ‘इनॉक्स’ आईच्या नावाला जोडला गेला आणि ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हे नाव तयार झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांना त्याचं लांबलचक जर्मन नाव उच्चारता येईना, म्हणून ते त्याला ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणू लागले. कॅनडाचे अंतराळवीर ख्रिस हॅडफील्ड यांनी तर १९९५ मध्ये रशियाच्या मीर अंतराळस्थानकात शिरताना दाराभोवतीचं घट्ट वेष्टण याच चाकूने सोडवल्याची आठवण सांगितली आहे.

पातं मिटतं कसं, अडतं कसं

चाकू हातात घेताना रंगरूपाआधी एक गोष्ट पाहावी, उघडलेलं पातं जागेवर कशाने राहतं? छंदातली अर्धी जाण आणि कायद्यातली बरीचशी भानगड इथेच आहे.

नेहमीच्या स्विस चाकूत मुठीच्या पाठीला एक पट्टीची स्प्रिंग असते. ती पात्याच्या बुडाला दाबून धरते. पातं उघडं राहतं, पण उलट दिशेने जोर दिला की मिटतं. फळं कापायला, पाकीट फोडायला हा प्रकार पुरेसा. दुसऱ्या प्रकारात पातं उघडलं की खीळ बसते. कुठे फिरतं कडं असतं, कुठे मुठीच्या पाठीवर दाबायची कळ, तर कुठे मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी सरकून पात्यामागे अडते. खीळ सोडवल्याशिवाय पातं मिटत नाही, त्यामुळे जोराचं काम करताना बोटं सुरक्षित राहतात. तिसरा प्रकार खटक्याचा. बटण दाबलं की पातं सपकन बाहेर येतं. या चाकूने सफरचंदही कापता येतं, पण त्याचा तो आवाज आणि वेग धाक घालण्याच्याच कामी जास्त आला.

गंमत म्हणजे वापरणाऱ्याच्या बोटांना जो चाकू जास्त सुरक्षित, त्याच्याकडे कायदा काही देशांत जास्त संशयाने पाहतो. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार ३ इंचांपर्यंत पात्याचा घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो, पण त्याला खीळ असेल तर ही सवलत मिळत नाही. मग समाधानकारक कारण दाखवावं लागतं.

पेन्सिलीला टोक काढणारी पिढी

चाकू बाळगण्याकडे समाज किती झपाट्याने वेगळ्या नजरेने पाहू लागतो, याचं उदाहरण जपानमध्ये सापडतं. तिथे १८९० च्या दशकात मिकी या गावी ‘हिगोनोकामी’ नावाचा चाकू बनू लागला. पत्रा दुमडून केलेली मूठ, एक पातं आणि पात्याच्या बुडाशी अंगठ्याने दाबायची छोटी दांडी. स्प्रिंग नाही, खीळ नाही. स्वस्त असल्याने तो शाळकरी मुलांच्या खिशात आणि दप्तरात जाऊन बसला. पेन्सिलीला टोक काढायचं, बांबूची खेळणी करायची ती यानेच.

१२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोतल्या एका सभेत समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांचा एका १७ वर्षांच्या मुलाने भोसकून खून केला. त्याचं हत्यार आखूड तलवारीचं होतं, पेन्सिलीचा चाकू नव्हे. तरीही मुलांच्या हाती पातं नकोच, अशी चळवळ देशभर उभी राहिली. पेन्सिलीला टोक काढायची यंत्रं शाळांत आली आणि हिगोनोकामी मुलांच्या दप्तरातून दिसेनासा झाला. आज तो बनवणारे हात अगदी मोजके उरले आहेत.

पण गोष्ट इथे संपत नाही. नागानो प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेने १९८० च्या दशकात नवीन विद्यार्थ्यांना हिगोनोकामी द्यायला सुरुवात केली. सहा-सात वर्षांची मुलं शिक्षकांच्या देखत पेन्सिली तासायला शिकतात. किरकोळ कापलं-खरचटलं तर मलमपट्टी होते आणि काम पुढे चालू राहतं. चाकू काढून घेतला की मूल सुरक्षित होतं, हे एक मत. चाकू वापरायला शिकवलं की ते अधिक सुरक्षित होतं, हे दुसरं.

रामपूरची बदनामी

आपल्याकडे चाकूचं नाव काढलं की पहिल्यांदा आठवतो तो रामपुरी. उत्तर प्रदेशातलं रामपूर हे खरं तर रसिकांचं शहर. रझा ग्रंथालयातली हस्तलिखितं तिथली आणि रामपूर-सहसवान हे संगीतातलं घराणंही तिथलंच. नवाबांच्या या संस्थानात लोखंडाचं काम करणारे कसबी कारागीर होते. घडी घातली की मुठीत बसणारा, उघडताना कडकड वाजणारा, पितळी किंवा शिंगाच्या मुठीचा चाकू त्यांनी नावारूपाला आणला.

हिंदी चित्रपटांनी त्याचं सोनं केलं आणि मातीही केली. ‘वक्त’ (१९६५) मधला राजकुमारचा चाकूचा प्रसंग लोक अजून विसरलेले नाहीत. त्यानंतर पडद्यावरच्या प्रत्येक गुंडाच्या हातात रामपुरी आला. प्रसिद्धी मिळाली, पण गिऱ्हाईक बदललं. कारागिरी पाहून घेणारा बिचकू लागला आणि भलताच माणूस विचारणा करू लागला. १९९० च्या दशकात राज्य सरकारने साडेचार इंचांपेक्षा लांब पात्यांवर निर्बंध घातले. ज्या लांबीसाठी हा चाकू ओळखला जायचा तीच गेली. धंदा बसला आणि कारागिरांची मुलं दुसरी कामं शोधू लागली. २०२३ मध्ये रामपूरच्या एका चौकात सुमारे २० फूट लांबीचा भलामोठा चाकू उभारण्यात आला. येणारे-जाणारे त्याच्यासमोर फोटो काढून घेतात. कला चौकात उभी राहिली, पण तेवढ्याने कारागिराच्या हाताला काम मिळत नाही.

हाताने घडवलेली पाती

कारखान्यातल्या चाकूंपलीकडे या छंदाचं आणखी एक दालन आहे. ते म्हणजे एकेका गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार हाताने घडवलेल्या चाकूंचं. अमेरिकेत अशा कारागिरांनी १९७० मध्ये आपली संघटना काढली. १९७६ मध्ये अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन झाली. तिची परीक्षा ऐकण्यासारखी आहे. उमेदवाराने स्वतः घडवलेल्या पात्याच्या एकाच फटक्यात लोंबकळणारा इंचभर जाड दोर तोडायचा. त्याच पात्याने लाकडाच्या जाड फळ्या तोडायच्या. त्यानंतरही हातावरचे केस भादरता आले पाहिजेत. शेवटी पातं शेगड्यात धरून काटकोनात वाकवायचं आणि ते तुटता कामा नये. धारेला कठीण आणि पाठीला लवचीक असं पोलाद साधलं तरच हे जमतं.

या चाकूंवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. तिला ‘दमास्कस’ म्हणतात. आजचे बहुतेक दमास्कस दोन प्रकारच्या पोलादाचे थर भट्टीत जोडून, ठोकून, घड्या घालून आणि शेवटी आम्लात बुडवून केलेले असतात. मूळ दमास्कस तलवारींचं पोलाद मात्र दक्षिण भारतातून जात असे. लोखंड आणि कोळशासारखी द्रव्यं मातीच्या मुशीत बंद करून वितळवायची आणि मूस हळूहळू थंड होऊ द्यायची, अशी ती रीत होती. पोलादाला कन्नड-तेलुगूत ‘उक्कू’ म्हणतात, त्यावरून इंग्रजांनी या धातूचं नाव ‘वूट्झ’ असं केलं. १७९५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याच्यावर निबंध वाचला गेला. विजेच्या शोधांमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या मायकेल फॅरडेने १८२० च्या सुमाराला एका चाकू-कात्र्या बनवणाऱ्या कारागिराबरोबर याच पोलादावर प्रयोग केले. फॅरडे स्वतः लोहाराचा मुलगा होता. तेव्हा ‘परदेशी दमास्कस’ म्हणून हौसेने पैसे मोजताना, ही विद्या एके काळी आपल्या मुशीतून निघाली होती, हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

जमवण्याची दृष्टी शिकायची तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक चक्कर मारावी. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी उभा केलेला हा संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यातले अडकित्ते पाहताना कळतं की रोज सुपारी कातरायच्या हत्यारावरही आपल्या कारागिरांनी किती जीव लावला होता.

कायदा काय म्हणतो?

घरातलं कपाट आणि बाहेरचा रस्ता यांच्यात कायद्याची रेघ आहे. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा आहे. केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तूंना तो शस्त्र मानत नाही. त्याखालच्या नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक उपयोगाचे नसतील, तर ते धारदार घातक शस्त्रांच्या वर्गात मोडतात. सरकार विशिष्ट भागांसाठी वेगळी अधिसूचनाही काढू शकतं. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने खटक्याच्या आणि गरारीच्या चाकूंसाठी ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदीची मर्यादा घातली. म्हणजे ‘९ इंचांच्या आत सगळं चालतं’ हा समज सगळीकडे खरा नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणुका किंवा तणावाच्या काळात जमावबंदीसारखे आदेश निघतात. त्यांत तलवारी, भाले, काठ्यांबरोबर चाकू बाळगण्यालाही मनाई करता येते. काल जो चाकू चालत होता तो आज तुमच्या खिशात गुन्हा ठरू शकतो.

विमानात हातातल्या सामानातून चाकू नेता येत नाही. किल्ल्यांच्या जुडग्यातला इवलासा स्विस चाकूही तपासणीत काढून ठेवावा लागतो. तो विमान कंपनीकडे सोपवायच्या बॅगेत आठवणीने टाकावा. देशांतर्गत प्रवासात शीख प्रवाशांना ठरावीक मापाच्या कृपाणाची सवलत आहे. तिचं पातं ६ इंचांपेक्षा आणि एकूण लांबी ९ इंचांपेक्षा जास्त असता कामा नये. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलाला प्रेमाने चाकू देणार असाल तर त्या देशाचा नियम आधी विचारा. जपानमध्ये ६ सेंटिमीटरपेक्षा मोठं पातं योग्य कारणाशिवाय बाळगणं गुन्हा आहे.

या बदलत्या हवेचा फटका खुद्द स्विस चाकूलाही बसला. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर विमानतळांवरची दुकानं बंद झाली आणि विक्री ३० टक्क्यांहून अधिक घसरली. तरीही कंपनीने कामगारांना काढलं नाही. काहींना शेजारच्या कारखान्यांत तात्पुरतं कामाला पाठवलं. २०२४ मध्ये मात्र तिने जाहीर केलं की पातंच नसलेलं खिशातलं साधन तयार करण्यावर काम चालू आहे.

घरात हा छंद असेल तर

मुलाने चाकू आणला म्हणून एकदम आरडाओरडा करू नका. आधी शांतपणे विचारा, हा कशासाठी? ट्रेकला, बागकामाला, लाकूड कोरायला, की संग्रहासाठी? उत्तर यापैकी असेल तर त्याला पुढच्या गोष्टी शिकवा. उत्तर ‘धाक बसतो म्हणून’ किंवा ‘स्वसंरक्षणासाठी’ असं असेल, तर गप्पा जरा लांबवा. भांडणात काढलेला चाकू बहुतेक वेळा भांडण वाढवतो, शिवाय तो समोरच्याने हिसकावून घेतला तर पुढचं सगळं त्याच्या हाती जातं.

० कापताना बसून कापावं, धार अंगाच्या विरुद्ध दिशेला असावी आणि हाताच्या अंतरात दुसरं कुणी नसावं.

० दुसऱ्याला देताना चाकू मिटूनच द्यावा. हातातून पडला तर झेलायचा प्रयत्न करू नये.

० बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा धोक्याचा. जास्त जोर लावावा लागतो आणि पातं निसटतं. धारेच्या दगडावर दोन्ही बाजूंनी १५ ते २० अंशांच्या कोनात हलक्या हाताने धार लावावी.

० साध्या पोलादाचं पातं लिंबू-कांद्याने काळं पडतं आणि गंजतं. वापरल्यावर लगेच धुऊन, पुसून कोरडं करावं. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे.

० पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नयेत. चामडं ओल धरतं आणि गंज चढतो. कोरड्या कापडात गुंडाळून, कुलपाच्या कपाटात ठेवावेत.

० प्रत्येक चाकूची पावती आणि कुठून, केव्हा घेतला याची नोंद वहीत असावी. संग्रहाची किंमत तिने वाढते आणि चौकशी झाली तर तीच उपयोगी पडते.

० जाहिरातीत दिसतो म्हणजे बाळगायला चालतो, असं समजू नये. मोठ्या किंवा खटक्याच्या चाकूबद्दल शंका असेल तर विकत घेण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात विचारावं.

आणि घराबाहेर पडताना रोज एकच गोष्ट तपासावी, आज या चाकूचं काम काय? गडावर जायचं असेल, शेतावर जायचं असेल, तर तो जरूर बरोबर असू द्या. गर्दीच्या मिरवणुकीला, कॉलेजात किंवा सिनेमाला निघाला असाल तर तो कपाटातच बरा. आईच्या ‘हा कशाला हवा बरोबर?’ या प्रश्नाला जो एका वाक्यात सरळ उत्तर देऊ शकतो, त्याला सहसा दुसऱ्या कुणापुढे अडखळावं लागत नाही.